प्रश्न विचारणारे कोण, उत्तरे देणारे कोण?

भोर तालुक्यातील आमच्या एका कार्यकर्त्याची मुलगी पुण्यात सरकारी वसतिगृहात राहून मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. मागच्या महिन्यात ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, आमच्या मॅडमच्या ओळखीचे एक संशोधन पथक आहे. भोर आणि वेल्ह्याच्या गावांत जाऊन बायकांच्या मानसिक आरोग्याची प्रश्नावली भरून घ्यायची आहे. मला स्वयंसेवक म्हणून बोलावलंय. आठ रविवार जायचं. मानधन नाही, शेवटी प्रमाणपत्र मिळेल. जाऊ का?"

आम्ही तिला लगेच हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. प्रश्न तिच्या एकटीचा असता तर दोन शब्द सांगून तिला चहा पाजून परत पाठवले असते. परंतु आज पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, या सगळ्या शहरांत आपली हजारो मुले-मुली पदवीचे शिक्षण घेत आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्क, कार्यप्रशिक्षण अशा नावांनी 'बाहेर जाऊन काम करा' हे अभ्यासक्रमातच आले आहे. तेव्हा हा प्रश्न घरोघरी येणार आहे. चळवळीने त्यावर काही भूमिका घेतली पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हिशेब मांडू. ही मुलगी रविवारी एका केटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून काम करते. दिवसाचे चारशे रुपये मिळतात. आठ रविवार गेले म्हणजे 3200 रुपये बुडाले. स्वारगेटहून एसटी, नसरापूरपासून पुढे मिळेल ती जीप, दुपारचे खाणे, असे दर खेपेला दीडशे रुपये धरले तरी 1200 रुपये गेले. म्हणजे 4400 रुपये तिने स्वतःच्या खिशातून संशोधनाला दिले. याला मोफत श्रम म्हणणेही चूक आहे. हे पैसे भरून केलेले श्रम आहेत. तिची आई मोलमजुरी करते. 2025-26 या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी 312 रुपये होती. ती कमी आहे, वेळेवर मिळत नाही, म्हणून आपण मोर्चे काढले. पण निदान आईच्या घामाला सरकारदरबारी काही दर होता. शिकलेल्या लेकीच्या कामाला मात्र दरच नाही, हा कुठला न्याय?

याच पथकात कोथरूड-बाणेरकडची मुलेही असतील. वडिलांचा फ्लॅट, दारात गाडी, रविवार मोकळा. त्यांना आठ रविवार देणे जड नाही. त्यांच्या हातात ते प्रमाणपत्र पडेल, मार्गदर्शकाचे शिफारसपत्र पडेल, पुढे एखाद्या शोधनिबंधावर नाव लागेल आणि त्या जोरावर परदेशी विद्यापीठाचा प्रवेशही होईल. निवड करणारे म्हणतील, "हा अनुभवी आहे, हिला अनुभव नाही." गुणवत्ता म्हणून जे मिरवले जाते, ते पुष्कळदा असे रविवारी विकत घेतलेले असते. आपली मुले राखीव जागेवर आली म्हणून जे नाके मुरडतात, त्यांनी या खुल्या नसलेल्या आरक्षणाचा कधी हिशेब दिला आहे काय? ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याच्याच कामाला स्वेच्छेचे काम म्हणता येते. मॅडमनी सांगितले आहे, अंतर्गत गुण मॅडमच्या हातात आहेत, अशा स्थितीत मुलीने दिलेला होकार हा कितपत स्वेच्छेचा?

महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा हीच तक्रार मांडली होती. सरकारचा महसूल शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि त्यावर उच्च शिक्षण मात्र वरच्या वर्गांच्या मुलांना मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. आज महसुलाच्या जागी माहिती आली आहे. माहिती वेल्ह्याच्या वस्तीवरून निघते आणि पदव्या शहरात पिकतात. प्रा. गोपाळ गुरू यांनी 2002 साली एका गाजलेल्या लेखात भारतातील समाजशास्त्रांची हीच विभागणी दाखवून दिली. सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि अनुभव पुरवणारे शूद्र, अशी ती विद्येच्या क्षेत्रातली वर्णव्यवस्था आहे. प्रश्नावली घेऊन उन्हातून डोंगर चढणारी आमची मुलगी आणि वातानुकूलित खोलीत बसून त्या आकड्यांचा अर्थ लावणारा विद्वान यांच्यामध्ये जी भिंत आहे, ती ओळखल्याशिवाय या कामात उतरणे म्हणजे आपणच आपल्याला वेठीला धरणे होय.

मग आम्ही तिला 'जाऊ नकोस' असे का म्हणालो नाही?

कारण बाबासाहेबांनी आपल्याला असे शिकवलेले नाही. बाबासाहेब जेवढे लढवय्ये होते तेवढेच संशोधक होते. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय 25 वर्षांचे होते. 1919 साली साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली ती आकड्यांनिशी. 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली, तिचे बाबासाहेब सदस्य होते आणि 1930 मध्ये तिचा अहवाल आला. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला आपला माणूस बसला. 1936 च्या 'जातिनिर्मूलन' या निबंधात तर त्यांनी जातीचे मूळ माणसाच्या मनातल्या धारणेत शोधले. ज्या समाजाच्या उद्धारकर्त्याने जातीचा प्रश्न मनापर्यंत नेऊन भिडवला, त्या समाजाच्या मुलांनी मानसशास्त्राकडे पाठ फिरवावी, हे कसे चालेल?

अमेरिकेतील काळ्या समाजाचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे असले पाहिजे. मेमी क्लार्क ही काळी तरुणी 1938 साली हॉवर्ड विद्यापीठातून पदवीधर झाली आणि वॉशिंग्टनमध्ये एका काळ्या वकिलाच्या कार्यालयात कामाला लागली. तिथे तिला वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांची तयारी जवळून पाहायला मिळाली. पुढे तिने काळ्या बालकांना स्वतःची जाणीव कशी होते, यावर प्रबंध लिहिला. पती केनेथ क्लार्क यांच्यासोबत तिने बाहुल्यांचे प्रसिद्ध प्रयोग केले. रंग सोडला तर सारख्याच असलेल्या बाहुल्या मुलांपुढे ठेवायच्या आणि विचारायचे, यातली चांगली कोणती? बहुसंख्य काळ्या मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवले. 1951 साली दक्षिण कॅरोलिनातील क्लॅरेंडन या खेडवळ परगण्यात जाऊन केनेथ क्लार्क यांनी 16 मुलांची अशीच तपासणी केली आणि न्यायालयात साक्ष दिली. 17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या निकालाच्या तळटीपेत या संशोधनाचा उल्लेख आहे. हे संशोधन कुणी गोऱ्या माणसाने दया म्हणून केले नाही. ज्यांच्या अंगावर वळ होते, त्यांनीच ते मोजले.

आपल्या देशातही असे मोजमाप झाले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित मुले आणि उच्चवर्णीय मुले यांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सर्वांदेखत नाव, गाव आणि जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी वीस टक्क्यांहून अधिक घसरली. मुले तीच, कोडी तीच. हा अभ्यास 2006 साली अमेरिकेतील नामांकित अर्थशास्त्रीय नियतकालिकात आला. शाळेच्या वर्गात 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' असे पुकारणाऱ्या गुरुजींना हा प्रयोग कुणी तरी वाचून दाखवला पाहिजे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे 4808 नोकरीचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच निघाली. 'खासगी क्षेत्रात जात कुठे आहे?' असे विचारणाऱ्यांचे तोंड या आकड्यांनी बंद केले. असे हजारो अर्ज, असे शेकडो कागद कुणी तरी हातांनी तयार केलेले असतात, मोजलेले असतात, नोंदवलेले असतात. ते हात साहाय्यकांचे असतात. म्हणून हे काम हलके नाही. प्रश्न आहे तो अटींचा.

आता भोर-वेल्ह्याकडे येऊ. वेल्हे तालुक्याचे नाव 2024 मध्ये राजगड झाले, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. 2011 च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम 54 हजार होती, भोरची सुमारे 1 लाख 86 हजार. हिरडस मावळ, गुंजण मावळ अशी इतिहासात गाजलेली नावे, राजगड-तोरण्यासारखे किल्ले आणि खाली धरणेच धरणे. भाटघर 1928 साली पुरे झाले, नंतर पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. पाणी पुण्याला आणि खालच्या बागायतीला गेले. गडी माणसे मुंबई-पुण्याला चाकरीला गेली, हल्ली शिरवळच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जातात. जमिनीवर फार्महाऊस उभी राहिली. गावात उरल्या म्हाताऱ्या, बाया आणि पोरे. गावाबाहेर चार-दहा घरांची बौद्ध वस्ती, त्याहून पलीकडे कातकऱ्यांच्या झोपड्या. या माणसांच्या मनावर काय ओझे आहे, हे कुणी तरी विचारले पाहिजे, यात शंकाच नाही. रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 रोजी गेला, डॉ. पायल तडवी 22 मे 2019 रोजी गेली. शिकलेल्या, शहरात पोचलेल्या लेकरांची ही गत, तर डोंगराच्या कुशीतल्या आमच्या मायमाऊलीच्या मनाची नोंद कोण ठेवणार?

पण ती नोंद कशी होते ते पाहा. उदासीनता मोजण्याची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, भूक लागली का, थकवा वाटला का, मन रमले का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण जास्तीत जास्त सत्तावीस. हत्यार म्हणून ते वाईट नाही. पण 'भूक लागत नाही का?' हा प्रश्न ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीची खात्री नाही तिथे विचारला, तर उत्तराचा अर्थ काय लावायचा? 'नैराश्य' हा शब्द हिरडोशीच्या खोऱ्यातली म्हातारी कधी बोलत नाही. ती म्हणते, "जीव लागत नाय कशात," "डोक्यात किडा वळवळतो," "काळीज धडधडतं." हे शब्द ज्याला कळतात, तोच उत्तर बरोबर टिपतो. ते शब्द आमच्या मुलीला आईच्या दुधाबरोबर मिळाले आहेत. पथकाने तिला बोलावले ते उपकार म्हणून नव्हे. तिची भाषा आणि तिचे पाय, दोन्हींची त्यांना गरज आहे. ही गोष्ट तिनेही ओळखावी आणि पथकानेही.

मानसशास्त्राची स्वतःचीच एक मोठी उणीव यात आहे. जेफ्री आर्नेट यांनी 2008 साली दाखवले, की अमेरिकेतील मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांत ज्यांच्यावर संशोधन झाले त्यांपैकी 96 टक्के माणसे पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती आणि त्या देशांत जगाची फक्त 12 टक्के लोकसंख्या राहते. म्हणजे 'माणसाचे मन' म्हणून जे पुस्तकात शिकवतात, ते बव्हंशी थोड्या देशांतल्या माणसांचे मन आहे. आपल्याकडे हीच तऱ्हा शहर आणि खेडे, सवर्ण आणि बहिष्कृत यांच्यात आहे. वेल्ह्याची बाई त्या शास्त्रात आली पाहिजे, ही आमचीही इच्छा आहे. पण ती कच्चा माल म्हणून येऊ नये.

दारात काय घडते, ते आमच्या या मुलीने एका जुन्या सर्वेक्षणात अनुभवले आहे. वरच्या आळीत गेले, की पहिला प्रश्न साहाय्यक विचारत नाही, घरची माणसे विचारतात. "कुठली गं तू? कुणाची?" आडनाव सांगितले की ओसरीवरची बसायची जागा बदलते, पाण्याचा तांब्या येतो की येत नाही तेही ठरते. त्यानंतर 'गावात जातिभेद आहे का?' या प्रश्नाला "छे, आमच्याकडे तसलं काही नाही" हे उत्तर ठरलेले. खालच्या वस्तीत उलट घडते. तिथे ती 'आपली' असते, म्हणून बाया मोकळ्या बोलतात. पण हेच प्रश्न वरच्या आळीतला साहाय्यक घेऊन आला, तर त्याच बाया "समदं बरं हाय" म्हणून मोकळ्या होतात. उद्या रोजगार त्यांच्याच शेतावर मागायचा असतो ना! प्रश्न विचारणाऱ्याची जात उत्तरात उतरते. प्रामाणिक संशोधनाने साहाय्यकाची सामाजिक पार्श्वभूमीही नोंदवावी आणि उत्तरे तपासताना ती लक्षात घ्यावी. वरच्या आळीत मुलीला एकटीला पाठवू नये. तिचा जो अपमान होतो, तो 'क्षेत्रकामातील किरकोळ अडचण' म्हणून सोडून देऊ नये. ते संशोधनाचे सर्वांत खरे निष्कर्ष आहेत!

दुसरी गोष्ट धर्माच्या रकान्याची. आमच्या घरात 1956 च्या धम्मदीक्षेनंतर धर्म बौद्ध आहे. 1990 साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या. तरी आजही पुष्कळ प्रश्नावल्यांत अनुसूचित जातीवर खूण केली की धर्म 'हिंदू' गृहीत धरला जातो, किंवा घाईत साहाय्यकच तसे लिहून टाकतो. आमच्या मुला-मुलींनी निदान एवढे करावे. समोरची माऊली जे सांगेल तेच लिहावे. ती 'बौद्ध' म्हणाली तर बौद्धच लिहावे. बाबासाहेबांनी लाखोंसह घेतलेला निर्णय कुणाच्या पेन्सिलीने खोडला जाऊ नये.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. नाव लिहिले नाही म्हणजे माणूस ओळखू येत नाही, हा शहरी समज आहे. वस्तीत घरे चार. अहवालात 'बौद्ध, विधवा, वय 34, अमुक गाव' एवढे छापले की सगळ्या गावाला कळते कोण ते. नवरा मारतो, सावकाराने अडवले, सरपंच त्रास देतो, असे तिने विश्वासाने सांगितलेले उद्या तिच्यावरच उलटेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 साली माणसांवरील संशोधनासाठी राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांत संमती समजेल अशा भाषेत घ्यावी, दुर्बल समाजघटकांची विशेष काळजी घ्यावी, सहभागी व्यक्तीला केव्हाही माघार घेता यावी, हे स्पष्ट आहे. कागदावर अंगठा उमटवून घेणे म्हणजे संमती नव्हे. अंगठ्याशी आपल्या समाजाचा फार जुना आणि कडू संबंध आहे. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यांनी जमिनी गेल्या आहेत.

चौथी आणि सर्वांत गंभीर गोष्ट. त्या नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न मरण्याच्या विचारांचा आहे. समजा एखादी बाई म्हणाली, "होय पोरी, रोज वाटतं विहिरीत उडी टाकावी." तेव्हा एकोणीस वर्षांच्या मुलीने काय करायचे? तीन गुण लिहून पुढच्या घरी जायचे? आम्ही हा प्रश्न तिला विचारला तेव्हा ती गप्प झाली. पथकाने तिला याबद्दल काही सांगितलेले नव्हते. अशा वेळी त्याच दिवशी कुणाला फोन करायचा, बाईला कुठल्या रुग्णालयात कोण घेऊन जाणार, गाडीचा खर्च कोण देणार, हे काम सुरू होण्याआधी ठरले पाहिजे. 10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर सुरू आहे. तो क्रमांक प्रत्येक साहाय्यकाकडे आणि प्रत्येक वस्तीत असावा. पण जिथे मोबाईलला रेंज मिळवायला टेकडीवर जावे लागते, तिथे नुसता क्रमांक देऊन जबाबदारी संपत नाही. आणि दिवसभर दहा घरांचे दुःख ऐकून ही मुलगी रात्री वसतिगृहात परत येईल, तेव्हा तिच्या मनाचे काय? त्या दुःखात तिच्या आईचे, मावशीचे दुःख मिसळलेले असणार. तिच्याशी बोलायला पथकातले अनुभवी माणूस हवे.

हे सगळे अशक्य आहे, असे कुणी म्हणू नये. गोव्यात संगाथ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने स्थानिक सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून उभे केले. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा फायदा झाला, हे 2010 साली जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात 'आत्मीयता' हा उपक्रम गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून चालवला. म्हणजे गावचा माणूस नुसता फॉर्म भरणारा राहत नाही, नीट शिकवले तर तो आधार देणाराही होतो. आणि आपल्या चळवळीचे स्वतःचे उदाहरण कसे विसरता येईल? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर जाऊन गाठले, त्यांच्या तोंडून इतिहास लिहून घेतला आणि 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ दिला. प्रश्न विचारणाऱ्या आपल्या, उत्तरे देणाऱ्या आपल्या, आणि पुस्तकावरची नावेही आपली.

तेव्हा आमची भूमिका अशी. आपल्या मुला-मुलींनी संशोधन पथकांत जरूर जावे, पण मान खाली घालून नव्हे. जाण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात. प्रवास, जेवण आणि बुडालेल्या दिवसाचे मानधन मिळावे. काय शिकवणार, हे आधी सांगावे. नुसते फॉर्म भरून घेणे हे शिक्षण नव्हे, आकडे कसे तपासतात आणि निष्कर्ष कसा काढतात, तिथपर्यंत विद्यार्थ्याला बसवावे. कामाच्या प्रमाणात श्रेय मिळावे. प्रश्नावलीचे शब्द सुधारले, मुलाखतींचा अर्थ लावला, तर आभाराच्या ओळीत नव्हे, लेखकांच्या यादीत नाव असावे. आणि जे काही सापडेल ते मराठीतून वस्तीला परत सांगावे, समाजमंदिरात, विहारात, बायकांच्या सोयीच्या वेळी. ज्यांनी मन उघडे केले, त्यांना त्याचे काय झाले हे कळण्याचा हक्क आहे.

महाविद्यालयांकडे आमची मागणी आहे, की विनामोबदला क्षेत्रकामावर अंतर्गत गुण अवलंबून ठेवू नयेत, आणि शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना अशा कामासाठी स्वतंत्र भत्ता द्यावा. बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना राहण्या-जेवणासाठी आहे, तिच्या पैशांतून दुसऱ्याच्या संशोधनाची एसटी भरायची नसते. आणि चळवळीकडेही आमची मागणी आहे. 14 एप्रिलला आपण डीजेवर जेवढा खर्च करतो, त्याचा दहावा हिस्सा जरी तालुक्याच्या पातळीवर बाजूला काढला, तरी दरवर्षी दोन विद्यार्थ्यांचे आठ-आठ रविवार आपणच पेलू शकू. मग ती मुले दुसऱ्यांच्या प्रश्नावल्या घेऊन फिरण्याऐवजी आपल्या वस्तीचे प्रश्न स्वतः तयार करतील. आपल्यातले जे प्राध्यापक झाले, त्यांनी शनिवार-रविवारी विहारात बसून या मुलांना आकडेशास्त्राचे चार धडे द्यावेत. पे बॅक टू सोसायटी हे नुसते भाषणात बोलायचे वाक्य नाही.

ती मुलगी आमच्याकडून परत गेली ती हे चार मुद्दे वहीत उतरवून घेऊन. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. पथकप्रमुखांनी प्रवास आणि जेवण द्यायचे मान्य केले आहे. मरणाच्या विचाराच्या प्रश्नासाठी काय करायचे, यावर त्यांनी सगळ्या साहाय्यकांची बैठक बोलावली आहे, कारण तो प्रश्न तिने विचारेपर्यंत कुणीच विचारला नव्हता. मानधनाचे 'बघू' म्हणाले आहेत. लेखकांच्या यादीचे बोलणे अजून व्हायचे आहे. तिने जायचे ठरवले आहे. मानधनाचा आणि श्रेयाचा विषय ती सोडणार नाही, असेही तिने बजावून सांगितले.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. 1927 साली आपली माणसे तिथे तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा पाणी कुणी आणून द्यावे म्हणून ती थांबली नव्हती. विद्येच्या तळ्याचेही तेच आहे. आमच्या पोरींनी आता काठावर उभे राहून दुसऱ्यांचे हंडे भरून देऊ नयेत. ओंजळ स्वतःची असावी.

जय भीम!